सम सालात जन्मलेल्या मुलींची शर्यत

प्रति,
श्री. सेबॅस्टियन को,
अध्यक्ष, वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मुलींना लांब पल्ल्याचं धावणं शिकवते. हे पत्र वीस वर्षांखालील मुलींच्या जागतिक क्रॉस कंट्री (म्हणजे ट्रॅकऐवजी गवत, चिखल, चढउतार यांवरून धावायच्या) शर्यतीबद्दल आहे आणि मागणी एकच आहे: ही शर्यत दरवर्षी घ्या. ती वर्षाआड आल्याने काय होतं, हे माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलीने मला बोटांवर मोजून दाखवलं. तिथूनच सुरुवात करते.

तिचा जन्म २००८ चा. २०२६ च्या जानेवारीत अमेरिकेत टॅलाहॅसीला जागतिक स्पर्धा होणार होती. त्यासाठीच्या निवड चाचणीआधी तीन आठवडे तिची नडगी दुखत होती आणि तिने ते कुणालाही सांगितलं नाही. सराव संपला की ती सगळ्यांच्या मागे राहायची, बुटांच्या नाड्या सोडायला वेळ लावायची. मला वाटायचं, दमली असेल. चाचणीत दुसऱ्या फेरीच्या उतारावर ती थांबली. आधी एका पायावर, मग गवतात बसूनच. हाडाला बारीक तडा गेला होता. दवाखान्यातून परतताना मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तेव्हा तिने बोटं पुढे केली. "ताई, चोवीसला मी सोळाची, सव्वीसला अठराची, अठ्ठावीसला वीसची. म्हणजे माझी संपली."

तिचा हिशोब बरोबर होता. नियम असा की स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला मुलीचं वय सोळा ते एकोणीस असावं. म्हणजे तिच्या हातात चारच वर्षं. स्पर्धा वर्षाआड, म्हणून चार वर्षांत दोन संधी. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचं कुणी बोलत नाही. या दोन संधी सगळ्या मुलींना एकाच वयात मिळत नाहीत. २०२४, २०२६ अशी सम सालं धरली, तर विषम सालात जन्मलेली मुलगी सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी धावते. सम सालात जन्मलेली सोळाव्या आणि अठराव्या. तिच्या एकोणिसाव्या वर्षी जगात कुठेच ही शर्यत नसते.

सोळा आणि एकोणीस यांत किती अंतर आहे, हे मैदानावर रोज उभं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पंधरा-सोळाला हलकी, सुसाट पळणारी मुलगी सतराव्या वर्षी अचानक मंदावते. शरीर बदलतं, उंची वाढते, पावलांचा ताल बिघडतो. तिला वाटतं आपलं संपलं. अठरा-एकोणीसला तीच मुलगी परत उभी राहते, आणि आता तिच्या धावण्यात ताकद असते, जी सोळाव्या वर्षी नव्हतीच. ज्यांना हे वय नीट पार करू दिलं जातं, त्या पुढे दहा-पंधरा वर्षं धावतात. आपलं वेळापत्रक मात्र अर्ध्या मुलींना नेमकं ते शेवटचं, सर्वांत मोलाचं वर्ष नाकारतं.

ही शर्यत १९८९ मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हँगरला सुरू झाली. जागतिक स्पर्धेत मुलांची शर्यत पहिल्याच वर्षापासून, १९७३ पासून होती. मुलींना सोळा वर्षं थांबावं लागलं. पण सुरू झाल्यावर ती दरवर्षी होत होती. २०११ नंतर सगळी स्पर्धाच वर्षाआड झाली.

जुन्या काळातलं एकच उदाहरण घेते. १९९१ मध्ये अँटवर्पला पॉला रॅडक्लिफ नावाची ब्रिटिश मुलगी पंधरावी आली, तीच जिने पुढे मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला. त्या वर्षी जिंकली केनियाची लिडिया चेरोमेई, अवघ्या तेराव्या वर्षी. (किमान सोळा वर्षांचा नियम आज आहे हे चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.) पुढच्या वर्षी बॉस्टनला फ्रँकलिन पार्कात बर्फ साचला होता. त्या बर्फातून आणि चिखलातून रॅडक्लिफ पहिली आली. दुसरी होती चीनची वांग जुनशिया, जिने पुढच्याच वर्षी १०,००० मीटरचा विश्वविक्रम २९:३१.७८ वर नेला आणि तो २०१६ पर्यंत टिकला. तिसरी चेरोमेई. त्या दिवशी त्या मैदानात पुढच्या दशकाचं लांब पल्ल्याचं धावणं उभं होतं.

आता ही शर्यत पहिल्यापासून वर्षाआड असती असं धरा. १९८९, १९९१, १९९३. रॅडक्लिफचा जन्म डिसेंबर १९७३ चा. १९९३ मध्ये ती वयाबाहेर गेली असती. या शर्यतीत तिच्या नावावर कायमची एकच नोंद राहिली असती: पंधरावी. बॉस्टन झालंच नसतं. ती तरीही मोठी धावपटू झाली असती का? कदाचित. पण पंधराव्या आलेल्या मुलीला पुढच्या वर्षी परत ये, असं म्हणणारी एक तारीख समोर असणं आणि नसणं यात काय फरक पडतो, ते मी रोज बघते.

इथिओपियाची तिरुनेश दिबाबाही तशीच वर चढत गेली. २००१ मध्ये पाचवी, २००२ मध्ये दुसरी, २००३ मध्ये पहिली, आणि त्याच २००३ च्या उन्हाळ्यात पॅरिसला मोठ्यांमध्ये ५,००० मीटरची विश्वविजेती. केनियाची फेथ किपयेगॉन २०१० मध्ये सोळा वर्षांची असताना अनवाणी धावत चौथी आली आणि २०११ मध्ये अनवाणीच पहिली. त्या वयात मुलगी असंच शिकते. यंदा हरते, कुठे हरले ते तिला वर्षभर आठवत राहतं, आणि पुढच्या वर्षी ती त्याच मुलींसमोर पुन्हा उभी राहते. दोन वर्षांचं अंतर पडलं की समोरच्या मुली बदललेल्या असतात, तीही बदललेली असते.

याला दुसरीही बाजू आहे, ती क्रॉस कंट्रीच्या स्वभावातली. ट्रॅकवर एखादीची मोठी स्पर्धा हुकली, तर ती महिन्याभराने दुसरीकडे धावून आपली वेळ दाखवू शकते. चारशे मीटरचा ट्रॅक सगळीकडे सारखाच. क्रॉस कंट्रीत वेळेला अर्थ नसतो. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला मुली संग्रहालयाच्या गवताळ छपरावर चढून उतरत होत्या. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्टला मार्गात चिखल आणि टायरही होते. या दोन मार्गांवरच्या सहा किलोमीटरची तुलना कशी करणार? इथे मोजायची एकच रीत: सगळ्यांनी एका दिवशी, एका रेषेवर उभं राहायचं. तो दिवसच चुकला तर ती मुलगी काय होती हे जगाला कळायला दुसरी वाट उरत नाही.

ऑर्हुसचीच गोष्ट. शेवटच्या उतारानंतर तीन मुली खांद्याला खांदा लावून आल्या आणि तिघींची वेळ एकच लागली, २०:५०. पहिली ठरली केनियाची बिॲट्रिस चेबेट. तिचा जन्म ५ मार्च २००० चा, म्हणजे तिचं हे शेवटचं वर्ष होतं. ती डिसेंबर १९९९ मध्ये जन्मली असती, तर त्या रेषेवर तिला उभंच राहता आलं नसतं, आणि २०१८ मध्ये, तिच्या एकोणिसाव्या वर्षी, शर्यतच नव्हती. तीच चेबेट पुढे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५,००० आणि १०,००० अशी दोन्ही सुवर्णं घेऊन आली.

आणि मग २०२१ ची बॅथर्स्टची स्पर्धा महासाथीमुळे २०२३ वर गेली. त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण २००३ मध्ये जन्मलेल्या मुलींचं काय झालं ते पाहा. २०१९ मध्ये त्या सोळाच्या, २०२३ मध्ये वीसच्या. सोळाव्या वर्षी जी आपल्या देशाच्या संघात आली नाही, तिच्यासाठी ही शर्यत कधी झालीच नाही. त्या पिढीची कुणी विचारपूस केली का? मोठ्या धावपटूंना चार वर्षांचा खंड सोसतो, चेबेटनेच तो सोसला आणि २०२३, २०२४ अशी दोन्ही वर्षं मोठ्यांची शर्यत जिंकली. सोळा ते एकोणीसच्या मुलीचं सगळं वयच चार वर्षांचं असतं.

महोदय, आता आणखी एक गाठ बसली आहे. वीस वर्षांखालील ट्रॅकची जागतिक स्पर्धाही वर्षाआडच असते. पूर्वी क्रॉस कंट्री विषम सालात आणि ट्रॅक सम सालात व्हायची. त्यामुळे प्रत्येक वर्षी मुलीला जगासमोर उभं राहायची एक तरी जागा होती. २०२४ पासून दोन्ही एकाच सालात आल्या: २०२४ ला क्रॉस कंट्री बेलग्रेडला आणि ट्रॅक लिमाला, २०२६ ला क्रॉस कंट्री टॅलाहॅसीला आणि ट्रॅक युजीनला. विषम साल रिकामं झालं. सम सालात जन्मलेल्या मुलीचं एकोणिसावं वर्ष आता दोन्हीकडे कोरडंच जातं. हे मुद्दाम केलंय असं मला म्हणायचं नाही. स्पर्धा इकडून तिकडे सरकल्या, यजमान बदलले, आणि हे घडलं. पण घडलंय ते दिसत असताना तसंच राहू देऊ नये.

युरोपातल्या मुलींना थोडा तरी आधार आहे, त्यांची खंडाची क्रॉस कंट्री स्पर्धा दरवर्षी डिसेंबरात होते. आफ्रिका आणि आशियातल्या मुलींना तसं दरवर्षीचं मैदान नाही, आणि या शर्यतीचा कणा तर पूर्व आफ्रिकेच्या मुलीच आहेत.

खर्चाचा मुद्दा येणार, हे मला माहीत आहे. यजमान मिळत नाहीत, लहान देशांना संघ पाठवणं परवडत नाही. म्हणून मी पूर्ण स्पर्धा दरवर्षी घ्या असं म्हणत नाही. मोठ्यांच्या शर्यती आणि रिले वर्षाआड राहू द्या. मधल्या वर्षी फक्त वीस वर्षांखालच्या मुलींची आणि मुलांची शर्यत घ्या, कारण वयाचा हा हिशोब मुलांनाही लागू आहे. (मुली सहा किलोमीटर आणि मुलगे आठ का, हाही प्रश्न आहे. मोठ्या स्त्रियांचं अंतर २०१७ पासून पुरुषांइतकंच दहा झालं. पण ते पत्र वेगळं.) तुमच्या क्रॉस कंट्री टूर या स्पर्धामालिकेतल्या सुवर्ण दर्जाच्या एखाद्या स्पर्धेला ही शर्यत जोडता येईल. मार्ग आखलेला असतो, पंच असतात, वैद्यकीय पथक असतं. संघ सहाऐवजी चौघींचा करा आणि संघाच्या गुणांसाठी तिघींचे क्रमांक धरा. दोन किलोमीटरच्या तीन फेऱ्या, एक सकाळ.

आणि लागोपाठ दोन वर्षं घेणं अशक्य आहे असंही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत बॅथर्स्ट झालं आणि २०२४ च्या मार्चमध्ये बेलग्रेड. तेरा महिन्यांत दोन स्पर्धा. बेलग्रेड तर दुसऱ्या यजमानाकडून ऐन वेळी तिथे हलवली होती. तरी शर्यत झाली आणि मुली आल्या.

कुणी म्हणेल, वाढत्या वयाच्या मुलींवर आणखी एका मोठ्या शर्यतीचं ओझं कशाला? मीही आधी तसंच म्हणत होते. पण त्या मुलीने नडगीचं दुखणं लपवलं ते शर्यती जास्त होत्या म्हणून नव्हे. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं माहीत होतं म्हणून. पुढच्या वर्षी शर्यत असती, तर तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं, मी तिला थांबवलं असतं आणि तीही थांबली असती. वर्षातून एकदा सहा किलोमीटर पळून हाड मोडत नाही. दोन वर्षांचं सगळं एका सकाळवर टाकलं की मुली दुखणं गिळून पळतात. मला ते वेळेत ओळखता आलं नाही, याचं दुःख मला आहे. पण माझ्यासारखे प्रशिक्षक जगभर आहेत, आणि अशी मुलगी प्रत्येकीकडे असेल.

क्रॉस कंट्री हिवाळी ऑलिम्पिकमध्ये यावी, म्हणून तुम्ही जाहीरपणे आग्रह धरला आहे. ऑलिम्पिकमध्ये ती शेवटची १९२४ साली पॅरिसला झाली, आणि तेव्हाही फक्त पुरुषांसाठी. तुमचा आग्रह मला मनापासून पटतो. ती शर्यत आली, तर त्यात धावणाऱ्या मुली आज सोळा-सतराच्या आहेत. त्यांना तोवर या खेळात टिकवायचं तर मधली वर्षं रिकामी ठेवून चालणार नाही. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला तुम्ही १,५०० मीटरचं सुवर्ण राखलंत, त्याच ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. बायकांना एवढं अंतर झेपणार नाही असं त्याआधी किती वर्षं सांगितलं जात होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

विषम साल २०२७ पुढे आहे. त्या वर्षी २००८ च्या मुली एकोणीसच्या होतील. माझ्याकडची मुलगी आता पुन्हा पळायला लागली आहे, सध्या गवतावर, दिवसाआड, वीस मिनिटं. २०२७ मध्ये काही आहे का, असं ती मला अधूनमधून विचारते. मी तिला अजून नाही म्हटलेलं नाही.

उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली नम्र,
लांब पल्ल्याच्या धावण्याची एक प्रशिक्षक