मामा, तुमच्यामुळे मी ९६ लिहिलं

तीर्थस्वरूप प्रयोगशाळेतल्या मामांस,
साष्टांग नमस्कार.

नावानं मी तुम्हाला आठवणार नाही. १९९४ च्या जानेवारीत पाचगणीच्या शाळेत नववीतल्या एका मुलीनं धुताना तापमापी फोडली होती, ती मी. आता आठवले असेन.

फुटायच्या आधी त्याच तापमापीनं घोटाळा करून ठेवला होता. प्रयोग साधाच: चंचुपात्रात पाणी, खाली स्पिरिटचा दिवा, दर दोन मिनिटांनी तापमान टिपायचं. पाणी खदखदायला लागलं, पण पारा ९६ च्या जरा अलीकडे जो थांबला तो हलेचना. पुस्तकात १००. आजूबाजूच्या सगळ्यांनी जर्नलात मुकाट १०० लिहिलं. मी पेन्सिल चावत बसले होते. तुम्ही परीक्षानळ्या विसळत होतात. फडक्याला हात पुसत आलात, डोळे बारीक करून पारा बघितलात आणि म्हणालात, "दिसतंय ते लिव की. छापलेलं पुस्तकात हायच."

मी ९६ लिहिलं. सरांनी लाल शाईनं त्याचं १०० केलं आणि दोन मार्क कापले.

तुम्ही सरांबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. तापमापी फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवलीत आणि संध्याकाळच्या एसटीनं पसरणी घाट उतरून वाईला घरी घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या चिटोऱ्यावर लिहून आणलंत: वाई, ९८ ला थोडं कमी. तापमापी तीच, पाणी नळाचंच, नुसता घाट उतरल्यावर दोन अंश वाढले! "वर हवा इरळ," तुम्ही म्हणालात, "पाण्यावर तिचा भार कमी. मग उसळायला आचबी कमी पुरती."

पाणी उकळतं म्हणजे काय होतं, ते मला त्या चिटोऱ्यावरून कळलं. तापलेल्या पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाण्याच्या पोटातही वाफेचे बुडबुडे टिकायला लागतात. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा, तेराशे मीटरच्या आसपास असलेल्या पाचगणीत तो ६५ च्या घरात. म्हणून तिथं आधीच उकळी फुटते. ढोबळ हिशेब धरला तर दर तीनशे मीटर चढाला एक अंश कमी. आणि उकळी फुटल्यावर दिवा कितीही मोठा केला तरी पारा चढत नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी. आई नेहमी करवादायची, "इथली मेली डाळ पातेल्यात शिजतच नाही." मी ऐटीत सांगितलं की दोष डाळीचा नाही, हवेचा आहे. ती म्हणाली, "म्हणूनच कुकर घेतलाय ना!"

पण तुमचा खरा हातखंडा चंबूचा. शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही गोल बुडाच्या चंबूत अर्धं पाणी उकळलंत, दिवा काढलात, लगेच घट्ट बूच बसवलंत आणि चंबू उलटा करून कडीत अडकवलात. दिवा असताना बूच लावायचं नाही, चंबू फुटेल, हे तीनदा बजावून. खदखद थांबली. मग तांब्यानं माठातलं गार पाणी वरून ओतलंत, आणि आतलं पाणी पुन्हा उकळायला लागलं. गार पाण्यानं उकळी! आतल्या वाफेचं पाणी झालं, दाब उतरला, आणि निवत चाललेल्या पाण्यालाही उकळायला तेवढं पुरलं. आम्ही तुम्हाला आणखी चार वेळा ओतायला लावलं. तुमची साडेबाराची एसटी चुकली.

मी आता रत्नागिरीत नववीलाच विज्ञान शिकवते. इथं पहिल्यांदा पारा शंभराच्या रेषेला टेकला तेव्हा मीच टाळ्या पिटल्या. पोरं बघतच राहिली, बाईंना झालंय काय! कुणाचं ९७ आलं तर आधी तापमापी बघते, मग तिचा फुगा पाण्यात नीट बुडालाय का ते. लाल पेनाचं टोपण तोवर काढत नाही.

आता त्या फुटलेल्या तापमापीचं. तुम्ही आम्हाला पाऱ्याला हात लावू दिला नाहीत. खिडक्या उघडून, सगळ्यांना बाहेर काढून, एकेक गोळी कागदाच्या कपट्यानं ढकलत बाटलीत भरलीत. एवढंच मला ठाऊक होतं. दहावीनंतर दाखला घ्यायला गेले तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, तुम्ही 'धुताना माझ्या हातून फुटली' असं लिहून सही केलीत आणि पैसेही तुमच्याच पगारातून भरलेत. दिसतंय ते लिव म्हणणारे तुम्ही, आणि हे काय लिहून ठेवलंत मामा?

मे महिन्यात वाईला येते आहे. पैसे घ्यावे लागतील.

तुमची,
नववी ब मधली