लाल नदीतले रहिवासी

वेल्वा, स्पेन

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

रिओ टिंटोचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, ‘एवढ्या लाल पाण्यात काही जगतं तरी का?’ फोनवर उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

जगतं, बाबा, आणि भरपूर जगतं. पाण्याचा सामू (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं पाणी आंबट) 2.3च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतकी आंबट नदी. लाली विरघळलेल्या लोहाची. काठावरच्या दगडांवर पिवळट-तांबूस पापुद्रा धरलाय आणि त्याला लागूनच हिरव्यागार शेवाळाचे तंतू पाण्यात हलत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथून हललेच नाही.

हे आम्ल जिवाणूंच्याच कामातून होतं. इथल्या खडकात पायराइट आहे, लोह आणि गंधकाचं खनिज. ॲसिडिथायोबॅसिलस आणि लेप्टोस्पायरिलम हे जिवाणू फेरस लोहातला इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि त्या ऊर्जेवर जगतात. उरलेलं फेरिक लोह पायराइटवर तुटून पडतं, त्यातून गंधकाम्ल होतं आणि नवं फेरस लोह सुटतं, म्हणजे जिवाणूंना पुन्हा खायला. ऊन नको, सेंद्रिय अन्न नको, कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात.

मला सगळ्यात थक्क करते ती त्यांची पेशी. पेशीच्या आत सामू साडेसहाच्या जवळपास, म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त हायड्रोजन आयन, आंबटपणा आणणारे! इतका फरक एक पातळ पटल जन्मभर सांभाळतं.

1947 साली अमेरिकेत कोल्मर आणि हिंकल यांनी कोळशाच्या खाणीतल्या आंबट पाण्यात असे जिवाणू दाखवून दिले. आता हलक्या प्रतीच्या खनिजाचे ढीग रचून त्यांच्याकडूनच तांबं सोडवून घेतात. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यू खाणीत 1986पासून सोन्याच्या खनिजावरही त्यांना कामाला लावलंय.

पण खाण बंद करून लोक निघून गेले तरी फोडलेला दगड उघडाच राहतो आणि जिवाणू थांबत नाहीत. आम्लाबरोबर आर्सेनिक, कॅडमियम ओढ्यात उतरतं. याचा दोष मी जिवाणूंना देणार नाही. दगड हवा-पाण्यापासून झाकून ठेवणं माणसाच्या हातात असतं, आणि ते खाण सुरू करण्याआधीच ठरायला हवं.

आईला सांगा, नमुने घेताना हातमोजे आणि चष्मा असतोच. सध्या त्या शेवाळाचा अभ्यास चाललाय, त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तुमची लेक