हबक्कूकपासून सुरू कर

प्रिय सुहास,

मंडळीत ‘अढळ विश्वास’ यावर बोलणार आहेस हे वाचून फार बरं वाटलं. एकच विनंती, नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायापासून सुरू करू नकोस. तिथून सुरुवात केली की विश्वास म्हणजे थोरांची नामावळी होऊन बसते. जरा मागे ये, १०:३७-३८ वर. तिथे जुन्या करारातला संदेष्टा हबक्कूक बोलतोय.

हबक्कूक २:४ मधला हिब्रू शब्द आहे ‘एमुना’. मराठीत आपण ‘विश्वास’ म्हणतो. ते चूक नाही, पण ऐकणाऱ्याला त्यातून मनाने मानणं तेवढं कळतं. एमुनामध्ये टिकून राहणं आहे. निर्गम १७:१२ काढ. अमालेकाशी लढाई जुंपलीय, मोशेचे हात भरून आलेत. त्याला दगडावर बसवून अहरोन एका बाजूने आणि हूर दुसऱ्या बाजूने हात धरून उभे आहेत, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहिले. म्हणजे ढळले नाहीत. तेही दुसऱ्यांच्या आधाराने, हे आवर्जून सांग. आपलं ‘आमेन’ याच धातूचं.

आता हबक्कूकची वेळ बघ. खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, चालून येतायत, देवाला प्रश्न विचारून तो पहाऱ्यावर उभा आहे, आणि उत्तर येतं ते असं की दर्शनाला विलंब लागला तरी वाट पाहा. पुढच्याच वचनात नीतिमान एमुनाने जगेल. तिसरं वचन सोडून चौथं उचललंस तर वाट पाहणंच हातातून निसटेल.

हिब्रूत ‘त्याच्या’ एमुनाने आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात ‘माझ्या’, म्हणजे देवाच्या. फरक हिब्रू शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा, वाव की योद. त्या काळच्या हस्ताक्षरात दोन्ही उभ्या रेघाच, एक जराशी लांब. पौल रोम १:१७ आणि गलती ३:११ मध्ये हे सर्वनामच गाळतो. इब्री पत्राचा लेखक तर ग्रीक वचनाचे दोन भाग उलटे लावतो. आधी जगणारा नीतिमान, मग माघार घेणारा. त्यामुळे त्याला लगेच ३९व्या वचनात म्हणता येतं की आपण माघार घेणाऱ्यांपैकी नाही. विश्वासाच्या समोर तो शंका ठेवत नाही, माघार ठेवतो. माझ्या मते तुझ्या संदेशाचा कणा हाच.

अब्राहामाबद्दल कुणीतरी विचारेलच. पौल उत्पत्ति १५:६ (अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला) घेतो कारण सुंता १७व्या अध्यायात, म्हणजे नंतर येते. याकोब तेच वचन २२व्या अध्यायातल्या इसहाकाच्या अर्पणाशी जोडतो. एकाची नजर आरंभावर, दुसऱ्याची टिकण्यावर. एमुनात दोन्ही बसतात.

‘यहुद्यांकडे नियम, आपल्याकडे विश्वास’ असं मात्र बोलू नकोस. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या मक्कोथ भागात ६१३ आज्ञा कमी करत करत शेवटी एका वचनावर आणल्या आहेत, आणि ते वचन हबक्कूकचं हेच. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या प्राचीन यहुदी गुंडाळीत त्याचा अर्थ नियमशास्त्र पाळणारे आणि ‘नीतिमत्त्वाच्या शिक्षका’शी एकनिष्ठ राहणारे असा लावलाय.

वाचन याच क्रमाने ठेव: हबक्कूक १:१ ते २:४ सलग, मग निर्गम १७:८-१३, मग इब्री १०:३२-३९. वेळ उरला तर ११:३५. छळ सोसून सुटका नाकारणारे ते लोक वाचताना २ मक्काबी ७ मधली आई आणि तिचे सात मुलगे आठवतात. ते पुस्तक तुमच्या बायबलात नसेल, तेव्हा एखादी कॅथलिक प्रत आधीच मागून ठेव.

तुझा,
अनिल