साडेसहाच्या आत ठाण्यात जा

चि. आकाश,
अनेक आशीर्वाद.

रात्री फोनवर तू सांगत होतास ते सगळं ऐकून घेतलं आणि काही न बोलता फोन ठेवला. राग आला होता हे खरं. पण तुझा आवाज कापत होता, शेजारी मामा बसलेला, मधेमधे तुझा क्लीनर बोलत होता. अशा वेळी सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. म्हणून सकाळच्या एसटीने मंगेशच्या हाती हे पत्र पाठवते. वरुडला माल उतरवून झाला की बाजूला बसून शांतपणे वाच.

आधी वेळेचं सांगते. काल संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तुझ्या पिकअपचा डावा आरसा सायकलवरच्या माणसाला लागला. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं की अपघातात कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर ड्रायव्हरने जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर खबर द्यायची, आणि काहीही झालं तरी चोवीस तासांच्या आत. तुझे चोवीस तास आज साडेसहाला संपतात. हे वाचत असशील तेव्हा तुझ्या हातात अजून अर्धा दिवस शिल्लक असेल.

तू म्हणालास, ‘लय नाही लागलं त्याले. आरशात पाह्यलं मी, उठून बसला होता म्हातारा.’ पहाटे मी आमच्या पोलीस पाटलांच्या ग्रुपवर विचारलं, मोर्शी रस्त्याला काल कुणी पडलं का म्हणून. पलीकडच्या गावच्या पाटलांचा लगेच फोन आला. माणूस पासष्टीचा आहे. वावरातून चाऱ्याचा भारा सायकलला बांधून घरी चालला होता. डावं मनगट चांगलंच सुजलंय, गुडघा सोलला आहे, सायकलचं पुढचं चाक वाकलं आहे. रात्री ग्रामीण रुग्णालयात पट्टी बांधून दिली, एक्स-रे आज काढणार आहेत. पांढरी पिकअप होती, मागे संत्र्याचे कॅरेट होते, नंबर दिसला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

आकाश, पासष्टीच्या माणसाचं हाड मोडलं की नाही हे धावत्या गाडीच्या आरशातून कळत नाही. तिथे डॉक्टरलाही एक्स-रे लागतो. कायद्यात हाड मोडणं ही ‘गंभीर दुखापत’ धरली जाते, मग ते मनगटाचं बारीक हाड का असेना. तू ज्याला ‘थोडंसं लागलं’ म्हणतोस ते थोडं की जास्त, हे ठरायचं अजून बाकी आहे.

तुझं दुसरं म्हणणं असं की चूक त्याचीच होती. अंधार, मागे लाल दिवा नाही, भारा रस्त्यात आलेला. असेल तसं. आपल्याकडे या दिवसांत काय अवस्था असते ते मलाही ठाऊक आहे. अंबियाच्या संत्र्यांचा तोडा चालू, कापसाची वेचणी चालू, सहा वाजता काळोख पडतो आणि रस्त्यावर बैलबंड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सायकली, पायी चालणाऱ्या बाया, कुणाच्याच मागे काही चमकत नाही. पण कलम १३४ चूक कुणाची हे विचारतच नाही. गाडी अपघातात होती ना, मग ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात पोचवायचं आणि खबर द्यायची. चूक कुणाची ते पुढे तपासात ठरतं. खबर दिली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. उलट, भारा रस्त्यात आला होता हे तुझं म्हणणं कागदावर यायचं असेल तर ते सांगायला तू ठाण्यात असायला हवास.

आणि तिसरी गोष्ट, जी तू दोनदा बोललास: ‘लोकं जमली असती तर मारलं असतं मले.’ ही भीती मी खोटी म्हणणार नाही. अपघातानंतर ड्रायव्हरला खांबाला बांधलेलं मी पाहिलं आहे, जमावाला आवरायला मधे उभीही राहिले आहे. कायदा करणाऱ्यांनीही ही भीती ओळखली होती. जमावाच्या संतापामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे जखमीला नेणं शक्य नसेल तर ती सूट कलमातच लिहिलेली आहे. पण सूट तेवढ्यापुरतीच. जमावाला भिऊन निघालास तर गाडी सरळ ठाण्याकडे वळवायची, आणि जखमीला का नेता आलं नाही तेही तिथे सांगायचं. ११२ ला फोन करायचा, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला करायचा. काल तिथे जमाव नव्हता. एक म्हातारा माणूस होता आणि तू पुढे गेल्यावर तिथून जाणारा एक पोरगा. त्या पोराने त्यांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. पोलीस आपल्यालाच धरतील या भीतीने तो बाहेरूनच परत जात होता म्हणे. त्याला मी निरोप पाठवला आहे की २०१९ च्या दुरुस्तीपासून मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही. ज्याचा काही संबंध नव्हता तो थांबला, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

आता तू न थांबल्याने त्या माणसाचं काय होतं ते समजून घे, कारण हे बहुतेक ड्रायव्हरांना माहीत नसतं. गाडीचा पत्ता लागला नाही तर कागदावर येतं ‘अज्ञात वाहन’. अशा अपघातांसाठी सरकारची भरपाईची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाला तर दोन लाख आणि गंभीर दुखापत असेल तर पन्नास हजार रुपये मिळतात. याखाली काही नाही. मनगट नुसतं मुरगळलं असेल तर त्या माणसाला या योजनेतून एक रुपया मिळणार नाही. मजुरी बुडाली, औषधं आली, सायकल गेली, सगळं त्यांच्या अंगावर. याउलट गाडीचा नंबर समोर असला की तिचा थर्ड पार्टी विमा असतो, आणि तो याचसाठी सक्तीचा केलेला आहे. दुखापत लहान असो की मोठी, दावा करायला दार उघडं राहतं. म्हणजे मार जितका कमी, तितकं पळून गेलेल्या गाडीमुळे गरिबाचं जास्त जातं. किरकोळ होतं म्हणून निघून आलो, हे तुझं म्हणणं मला याच कारणाने पटत नाही.

तुमच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर अजून ते दहा वर्षांच्या कैदेचं फिरत असतं. २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पेट्रोलपंपावर रांगा लागल्या, ते त्याच्यावरूनच. ते पोटकलम बेदरकार गाडी चालवून जीव घेतला आणि खबर न देता पळाला, अशासाठी आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते तेवढं बाजूला थांबवून ठेवलं. तुझ्या बाबतीत ते लागूच नाही, म्हणून त्या भीतीने अंग चोरू नकोस. तुला लागू आहे ते मोटार वाहन कायद्याचं कलम १८७. १३४ प्रमाणे वागलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी अशी शिक्षा झालेली असेल तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेदरकारपणे चालवून इजा केली असं तपासात आलं तर न्याय संहितेची कलमं वेगळी लागतील, ती जामीनपात्र आहेत. आज साडेसहाच्या आत गेलास तर खबर न दिल्याचा ठपका तुझ्यावर बसत नाही. माणसाला तिथेच टाकून आलास, त्याचं उत्तर मात्र द्यावंच लागेल. ते खरं खरं दे.

मामा तुला काय सांगेल याचा मला अंदाज आहे. म्हणेल, आरसा बदलून टाक, दोन दिवस त्या रस्त्याने जाऊ नको. आरसा बदलायचा नाही. तुटलेला आहे तसा राहू दे, आजच्या आज फोटो काढून ठेव. गाडीची तपासणी मोटार वाहन निरीक्षकाकडून होऊ शकते, ती झाली की गाडी परत मिळते. कुणी म्हणेल, क्लीनर चालवत होता असं सांग. त्या पोराकडे लायसन नाही. त्याला गुंतवशील, मामाला गुंतवशील, विमा कंपनी हात वर करायला मोकळी होईल, आणि खोटी खबर दिली म्हणून तू आणखी अडकशील. मामालाही हे वाचून दाखव: आरसीवर त्याचं नाव आहे, आणि पोलिसांनी विचारलं की गाडी कोण चालवत होता ते सांगणं मालकावर कलम १३३ प्रमाणे बंधनकारक आहे. कुणी म्हणेल, दोन हजार देऊन आपसात मिटव. पैसे दिल्याने खबर द्यायचं कर्तव्य संपत नाही. सायकल तू दुरुस्त करून द्यायची आहेसच, नवं चाक लागलं तर नवं, तुझ्या मजुरीतून. पण आधी ठाण्यात जायचं आणि मग त्यांच्या घरी. तोंड बंद ठेवायला पैसे घेऊन आलास असं त्यांना वाटता कामा नये.

कलम १३२ मध्ये आणखी एक आहे, तेही लक्षात ठेव. अपघातात ज्याचं नुकसान झालं त्याने आपलं नाव-पत्ता देऊन विचारलं, तर ड्रायव्हरने स्वतःचं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता सांगायचं. निघून गेलेल्या गाडीला तो विचारणार कसं? हे जनावरांच्या अपघातालाही आहे. कायद्याने जनावर कोणतं त्याची यादीच दिली आहे: घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. दिवाळीनंतर धनगरांचे कळप आपल्या रस्त्यांवर उतरतात, तू रोज त्यांच्यातून गाडी काढतोस. कुत्रं त्या यादीत नाही, पण कुत्र्यासाठीही तू थांबावंस असं मला वाटतं. बाजारात उभ्या मोटारसायकलला धक्का लावून कुणी पाहिलं नाही म्हणून निघून जातात, तेही कलम १३४ मध्येच बसतं.

मी पोलीस पाटील आहे. परिसरात असं काही घडलं की ठाण्याला कळवणं हे माझं काम आहे, आणि दुसऱ्याच्या पोराचं असतं तर मी रात्रीच कळवलं असतं. तुझ्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबले आहे, कारण स्वतः जाण्याचा हक्क तुझा आहे असं मला वाटतं. साडेसहापर्यंत तू गेला नाहीस तर मी जाईन आणि माझ्या तोंडाने तुझं नाव सांगेन. धमकी समज हवं तर. त्या माणसाच्या घरी त्यांची बायको आहे, तिलाही कुणीतरी उत्तर द्यायला हवं, आणि ते दुसऱ्या कुणी देण्यापेक्षा तू दिलेलं मला हवं आहे.

ठाण्यात असं कर. साध्या कागदावर अर्ज लिही: तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, तुझं नाव-पत्ता, लायसन नंबर, काय घडलं, तू का थांबला नाहीस. ‘घाबरलो’ हे खरं कारण असेल तर तेच लिही. दोन प्रती कर आणि एकीवर पोच घे, स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक विचारून लिहून ठेव. ‘उद्या या’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. चोवीस तासांच्या आत आलास याचा पुरावा तोच. मग विमा कंपनीलाही लेखी कळवायचं आहे, तेही कलम १३४ मध्येच येतं: पॉलिसीचा नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख-वेळ-जागा, जखमीची माहिती, ड्रायव्हरचं नाव आणि लायसन. जखमींचं नाव मी पाटलांकडून घेतलं आहे, कागदावर लिहून आणते.

मी दुपारच्या एसटीने निघते, तीनपर्यंत पोचेन. ठाण्यात बोलणार तू, मी बाजूला बसेन. तिथून आपण दोघं त्यांच्या घरी जाऊ, एक्स-रेचं काय झालं ते विचारू आणि सायकल दुकानात नेऊ. विम्याचा कागद मामाच्या कपाटात वरच्या खणात आहे, आरसीसोबत. दोन्हींच्या झेरॉक्स काढून ठेव, लायसनचीही.

तुझी,
आई