मियाटाच्या डिफसाठी धावून आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

माझ्या १९९१ च्या माझदा मियाटाचा मागचा डिफरन्शिअल (डिफ, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरांचा डबा) शेवटी बदलून झाला, इथे न्यू जर्सीच्या थंडीत, आणि हे एकट्याने होणारं काम नव्हतंच. १.६ लिटर इंजिनवाल्या गाडीत ६ इंची रिंग गिअरचा नाजूक डिफ येतो, त्याजागी १.८ लिटरवाल्या मियाटाचा ७ इंची टॉर्सन (एक चाक घसरायला लागलं की दुसऱ्याला जास्त ताकद देणारा डिफ) टाकायचा तर नुसता डिफ आणून भागत नाही, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफला फिरवणारा दांडा) आणि डिफपासून चाकांपर्यंतचे दोन्ही ॲक्सल पण १.८ चेच लागतात, हे ज्या दादांनी आधीच सांगितलं त्यांनी माझे पैसे वाचवले, खूप थँक्यू दादा.

आणि शेजारचे काका! गिअरबॉक्स ते डिफ जाणारी ती लांब ॲल्युमिनियमची फ्रेम, तिचा बोल्ट हलेचना, काकांनी रात्रभर ऑइल मारून ठेवायला लावलं आणि सकाळी कर्र करून सुटला. "ड्रेन प्लगला हात लावायच्या आधी फिल प्लग उघडतो का बघ," हेही त्यांचंच, किती मोलाचं: जुनं तेल काढायच्या बुचाआधी तेल भरायचं बूच तपासायचं, नाहीतर नवं तेल भरणार कुठून.

आता ओल्या वळणावर दोन्ही चाकं खेचतात, डिफचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ४.३० चा ४.१० झाल्यामुळे हायवेला इंजिन पण जरा शांत. काका, टॉर्क रेंच शनिवारी आणून देतो.