वेगळा टॉवेल

प्रिय बाळ्या,

चार वर्षं तुला एक ओळ नाही टाकली. काल डॉक्टरसमोर पाठ उघडी टाकून बसलो होतो, तेव्हा तूच आठवलास. बाकी घरी सगळे ठीक, आईचे गुडघे तसेच.

मला शिसवाची ॲलर्जी निघाली. हस एकदाचा.

वर्षभर पापण्या सुजत होत्या. मान, कोपराच्या घड्या लाल. घाम साचतो तिथे भुकटी बसते ना! मी आधी पॉलिशला शिव्या घातल्या, मग सरसाला, मग बायकोच्या साबणाला. (ती आठ दिवस बोलली नाही.) हे दुखणं लबाड आहे रे. खाज उठते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोवर हातात भलतंच लाकूड असतं. काम थांबलं की आराम, सँडर फिरवला की पुन्हा तेच. शेवटी पॅच टेस्ट. दोन दिवस पाठीवर वेगवेगळ्या लाकडांच्या भुकटीच्या पट्ट्या, अंघोळ बंद. काढल्यावर बघितलं, दोन दिवसांनी परत बघितलं. शिसवाच्या जागी लालबुंद, पुरळ आलेला चट्टा. सागाच्या जागीही थोडं लाल. ज्या काळ्या गाभ्यासाठी आपण वखारीत भांडायचो, विष त्यातच असतं म्हणे.

मी म्हटलं, "बावीस वर्षं हेच घासतोय, तेव्हा कसं काही झालं नाही?" डॉक्टर म्हणाले, असंच होतं. शरीर वर्षानुवर्षं सोसतं, पण एकदा का ओळख धरली की जन्मभर विसरत नाही.

हाच प्रश्न मी तुला टाकला होता. "सगळे तेच लाकूड कापतात, राजकुमारांनाच बरं खाजतं!" आणि आणखी एक. तुझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर टांगायला लावला तो मी. इतकी वर्षं मिस्त्रींच्या नावावर खपवलं. हे एकाचं दुसऱ्याला लागतच नाही, बाळ्या. तू तेव्हा सांगत होतास, आणि मी तुझा पेलासुद्धा वेगळा केला.

आता पोटाचं काय? डॉक्टर म्हणतात हातमोजे घाला. फिरत्या ब्लेडपुढे हातमोजे! बोटं त्यांनी मोजून ठेवली असतील माझी. मास्क लावतो, भुसा ओढणारं मशीनही घेईन. पण शिसव सोडायचं, त्याचे भाऊबंद सोडायचे, आणि प्लायच्या पेट्या ठोकत बसायचं? अर्धं कपाट उभं आहे, दारं बाकी आहेत. रोज त्याच्याकडे बघतो आणि लांबून जातो. तू सोडलंस तेव्हा पहिले सहा महिने कसे काढलेस? तेव्हा विचारायचं राहिलं. खरं तर विचारावंसंच वाटलं नाही.

मुलीला नोकरी लागल्याचं कळलं, छान झालं. तुझं दुकान चालतंय ना?

आणि तुझा लोखंडी रंधा हरवलेला नाही. माझ्याकडेच आहे. पाठवतो, पण आधी कुणाकडून तरी नीट पुसून घेतो. पात्याच्या फटीत शिसवाची भुकटी अडकलीय.

तुझा,
दिन्या