मायच्या पायांबद्दल

अंबाजोगाई

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

चालता-चालता मायची चप्पल पायातून निसटते अन् तिला पत्ताच लागत नाही, असं तू लिहिलंस. 'वय झालं, चालायचंच' यावर विसंबू नको. वयानं जाणीव थोडी मंदावते, पण एवढी नाही.

आधी घरीच एक तपासणी कर. मायला डोळे मिटायला सांग. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट अन् करंगळी यांच्या टोकाला तुझ्या बोटानं हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श कर. दाबू नको, टोचू नको, दाब तिला कळेल अन् तू फसशील. सहापैकी दोन किंवा जास्त जागी तिला कळलं नाही, तर जाणीव कमी झाली म्हणून समज.

दोन्ही तळव्यांपासून सुरू होऊन वर सरकणारा बधिरपणा असेल तर पहिला संशय साखरेवर. पण मायचं तिथंच थांबू नको. ती माळकरी, साखरेची गोळी मेटफॉर्मिन कित्येक वर्षांपासून, वर ॲसिडिटीची गोळी रोज. या तिन्हींमुळे बी-१२ खाली जातं. म्हणून एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सोबत बी-१२, टीएसएच (थायरॉइड), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) अन् क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) करून घे. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० असेल तरी डॉक्टरांना विचार. अन् रक्त बी-१२च्या इंजेक्शनच्या आधी द्यायचं! गावात आधी 'ताकदीची सुई' टोचून घेतात, मग आकडा चांगला येतो अन् खरं कारण झाकलं जातं. नुसत्या फॉलिक ॲसिडनंही तसंच होतं: रक्त सुधारतं, नसा बिघडत राहतात. बी-६ भरपूर असलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर त्यांनीच बधिरपणा येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल अन् त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घे. लाजू नको. औषध मोफत मिळतं, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यायचं. हाताचा अंगठा अन् शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील तर बहुधा मनगटात नस दबलेली असते, ते वेगळं.

प्रीगाबालिन, गॅबापेंटिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी आग अन् मुंग्या कमी होतात, गेलेली जाणीव परत येत नाही. उलट म्हाताऱ्या माणसाला गरगरतं, अन् रात्री लघवीला उठताना तोल जातो. खाटेपासून मोरीपर्यंत छोटा दिवा लावून ठेव. बधिर पायाचा माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो, अंधारात तो हमखास पडतो.

सगळ्यात जास्त घात शेकानं होतो. गरम विटेचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बंद म्हणजे बंद. थंडीत शेकोटीला पाय लावून बसणं नको, उन्हाळ्यात देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणाही नको. फोड येईपर्यंत तिला कळणारच नाही. अंघोळीचं पाणी तू किंवा वहिनींनी कोपरानं पाहावं. रोज संध्याकाळी तळवे, टाचा अन् बोटांच्या बेचक्या नीट बघा. तेल लावा, पण बेचक्यांत नको, तिथं बुरशी धरते. नखं सरळ कापा. तळव्यावरचं कुरूप ब्लेडनं तासू नका अन् त्यावर कुरपाची औषधी पट्टीही लावू नका. मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल घे, संध्याकाळी मापानं, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो. घालण्याआधी झटकायची, काटा असो की विंचू. जखम दिसली, दुखत नसली तरी, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर.

एक मात्र उद्यावर टाकू नको: एका बाजूचा हातपाय अचानक बधिर, तोंड वाकडं, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच न्यायचं. तसंच जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा अन् लघवी अडकली, तर त्याच रात्री निघ.

सोमवारी रक्त दिलंस की रिपोर्ट कळव. सकाळच्या गोळ्यांचे पत्ते फेकू नको, येताना सगळे घेऊन ये.

तुझा,
सुधाकर